बाबांचं पाणमांजर

रुमाल काढायला तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घातला आणि बोटांना काहीतरी चिकट लागलं. समोर काउंटरवर एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची फ्रेम पडली होती, डावी काच बसवून झालेली, उजवी अजून घासायच्या चाकाजवळ. तिनं हात बाहेर काढला. बोटाला रबरबँडचा तुकडा चिकटला होता, तपकिरी, वाळका, मध्येच तुटलेला. तिनं तो नखानं खरवडून टाकला, बोटं पुसली, उजवी काच उचलली, आणि तशीच हातात धरून उभी राहिली. तिच्या पिशवीत रबरबँड नसतो. तिच्या घरात रबरबँड लावलेली वस्तू एकच. ती अडतीस वर्षं कॅमेऱ्याच्या पेटीत तळाशी पडून आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरातला अलिखित कायदा आहे. काच हातातून निसटली, काउंटरवर टणकन आपटली, सुदैवानं फुटली नाही. पलीकडे नंबराची अक्षरं वाचणाऱ्या गिऱ्हाइकानं दचकून एक ओळ गाळली.

सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. कोल्हा आला होता. बावीस सकाळी रिकाम्या गेल्या आणि तेविसाव्या सकाळी तो आला, आणि ही गोष्ट तिनं अजून कुणालाच सांगितली नव्हती, कारण सांगितली की ती थोडीशी कमी होईल असं तिला वाटत होतं. दुकानाच्या तीन थांबे अलीकडे सिमेंटच्या नळ्या बनवण्याचं बंद पडलेलं आवार आहे. माणूस वाकून आत शिरेल एवढाल्या नळ्या तिथं गवतात लोळत पडल्यात, आणि त्यातल्या एकीत, शहराच्या पोटात राहून शहराला पत्ता लागू न देणारा एक कोल्हा राहतो. त्याच्यासाठी ती पहाटे उठून बाबांचा लाकडी कॅमेरा खांद्यावरून वाहून न्यायची. शिलाई मशीनच्या पेटीएवढं ते धूड. पुढे भिंग, मध्ये चामड्याचा भाता, मागे घासलेली काच. डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि त्या काचेत बघायचं. तिथं जग उलटं दिसतं, आभाळ खाली आणि गवत वर. जनावर जिथं येईल असं वाटतं तिथं आधी काहीतरी ठेवायचं आणि त्याच्यावर नजर बसवायची. ती वीट ठेवायची. एकदा नजर बसली की भिंगाचा पडदा मिटायचा आणि मागून फिल्मचा होल्डर सरकवायचा, पाटीसारखा चपटा, आत पोस्टकार्डाएवढी एकच फिल्म. होल्डर आत गेला की काच झाकली जाते. कॅमेरा आंधळा होतो. त्यानंतर जे काही बघायचं ते आपल्या दोन डोळ्यांनी. मग होल्डरवरची पट्टी उपसायची, म्हणजे फिल्म आत उघडी पडते, आणि भिंगाचा पडदा उघडणारी तार दाबायची. एवढं सगळं होईपर्यंत जनावरानं थांबायचं, आणि शेवटी अर्धा सेकंद अजिबात हलायचं नाही. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्यानं तो एकदा कोल्ह्यासमोर काढून बघावा.

आज ती कापडाखालीच होती. विटेची कड काचेवर रेखीव करत होती. तेवढ्यात काचेच्या वरच्या बाजूनं, पाय वर करून, काहीतरी तांबूस चालत आलं. डोकं खाली, शेपूट खाली, छताला चिकटून चालावं तसं. आपण काय बघतोय हे कळायला तिला एक श्वास लागला आणि पुढचा श्वास तिनं घेतलाच नाही. कापडातून ती कशी बाहेर आली, पडदा कधी मिटला, पिशवीत हात घालून होल्डर कधी काढला, काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवत होती फक्त पट्टीची पांढरी कड. होल्डरच्या पट्टीला एका बाजूनं पांढरी कड असते, दुसऱ्या बाजूनं काळी. पांढरी दिसली म्हणजे फिल्म कोरी. पांढरी दिसली. तिनं होल्डर सरकवला, पट्टी उपसली, आणि मान वर केली तर कोल्ह्यानं पुढचे दोन्ही पाय विटेवर ठेवले होते आणि तो तिच्याकडे बघत होता, घरमालकानं भाडेकरूकडे बघावं तसा. तिनं तार दाबली. खट् झालं, अर्धा सेकंद झाला, पुन्हा खट् झालं. कोल्ह्यानं एक कान हलवला आणि घाई नसल्यासारखा निघून गेला. तिनं पट्टी उलटी करून काळी कड बाहेर ठेवून बसवली. मग ती गवतात बसली आणि तिला हसू फुटलं, एकटीच, तोंडावर हात दाबून, शेहेचाळीस वर्षांची बाई.

आणि आता हा रबरबँड. तिनं काउंटरच्या आड वाकून पिशवीतले तिन्ही होल्डर काढले. दोहोंच्या पट्ट्या पांढऱ्या. तिसऱ्याची काळी, सकाळचा तोच. त्याच्या लाकडावर आडवा, बोटाएवढा, चिकट काळपट पट्टा उमटलेला होता. अडतीस वर्षं रबर ज्या जागी बसलं होतं ती जागा. रविवारी तिनं पेटी रिकामी करून सगळे होल्डर ब्रशनं झाडले होते. वाळकं रबर तेव्हाच कधीतरी तुटलं असणार, होल्डर ढिगात मिसळला असणार, आणि पांढरी कड बघून तिनं तो पिशवीत टाकला असणार. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता.

त्या होल्डरात बाबांचं पाणमांजर होतं. म्हणजे होतं असं बाबा म्हणत. बाबांनी उभ्या आयुष्यात त्या कॅमेऱ्यानं लग्नं टिपली, कारखान्यांची यंत्रं टिपली, शाळांचे वर्गच्या वर्ग टिपले, पण सुट्टी मिळाली की ते जनावरांमागे जात आणि रिकाम्या हातानं परत येत. एकदा, ती आठ वर्षांची असताना, नदीच्या एका वळणावर पाणमांजर आलं आणि आपण ते घेतलं असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, दाखवा. बाबा म्हणाले, धुतो. ते त्यांनी कधीच धुतलं नाही. पुढं कधीतरी खरं बाहेर आलं. पट्टी आधी उपसली होती की नाही तेच त्यांना आठवत नव्हतं. फोटो घेतल्यावर पट्टी उलटी करून बसवली हे पक्कं. पण ती हातातली बसवली, की कॅमेऱ्यातच राहून गेलेली उपसून नुसती उलटी केली, हे काही केल्या आठवेना. उपसली नसेल तर आत काहीच नाही. धुतलं तर कळणार, आणि कळलं तर संपणार. म्हणून त्यांनी होल्डरला रबर लावलं आणि तो तळाशी ठेवून दिला. झालं, घराला आयती म्हण मिळाली. दादाची बढती दर वर्षी होणार असायची, आई म्हणायची, बाबांचं पाणमांजर. शेजारणीच्या मुलीला आलेलं उत्तम स्थळ, जे कुणीच पाहिलं नव्हतं, ते बाबांचं पाणमांजर. बाबाही हसायचे. पण ते हसताना चष्मा काढून पुसायचे, हे तिनं लहानपणीच टिपलं होतं.

आता त्या पाणमांजरावर तिचा कोल्हा बसला होता. किंवा पाणमांजर मुळात नव्हतंच आणि कोल्हा एकटाच होता. किंवा अडतीस वर्षांत फिल्म मेली होती आणि दोघंही नव्हते. तिला भीती वाटायला हवी होती, शरम वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्यांच्या खाली सकाळचंच ते काहीतरी उड्या मारत होतं आणि थांबायला तयार नव्हतं. इतकी वर्षं ज्या झाकणाला कुणी हात लावला नाही ते उघडणं आता भाग होतं.

मालकीणबाई आतून आल्या. "अगं, तू उजवी काच डाव्या घरात बसवतेयस."

तिनं बघितलं. खरंच होतं. "बाई, मला अर्धा दिवस सुट्टी द्या."

"का गं? वडिलांचं काही?"

"कोल्हा आलाय."

मालकीणबाईंनी दाराकडे बघितलं, मग टेबलाखाली बघितलं. "इथं?"

"फोटोत. म्हणजे आलाय की नाही तेच बघायचंय."

"मग जा बाई," मालकीणबाई तिच्या हातातून फ्रेम काढून घेत म्हणाल्या. "तू इथं राहिलीस तर आज गावभर लोक तिरळे होऊन फिरतील."

फुटपाथवर येऊन तिनं बाबांना फोन लावला. तिनं सगळं एका दमात सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. "बाबा, पण पट्टी पांढरी होती," ती म्हणाली. "पांढरी म्हणजे कोरी ना. नव्या होल्डरांबरोबर आलेल्या कागदावर तसंच लिहिलंय."

"पांढरी म्हणजे उजेड पाहिलेली," बाबा म्हणाले. "काळी म्हणजे अजून अंधारात असलेली. तुला लहानपणी शिकवलं होतं."

"सगळं जग उलटं करतं, बाबा."

"जगाला करू दे."

तिला एकदम आठवलं. बाबांची ती बोटं, काळी कड, पांढरी कड. बघ जनावरा, हिनं उजेड पाहिला. बाबा तिला जनावर म्हणायचे. कारण विटेचं काम तेव्हा ती करायची. जनावर जिथं येणार तिथं तिनं बसायचं, बाबा कापडाखालून ओरडायचे, जनावरा, मान खाली, जनावरा, डावीकडे सरक, आणि नजर बसली की तिनं रांगत आडोशाला यायचं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "बाबा, खरंच चुकलं."

"ते मग बघू. किती दिलंस?"

"अर्धा सेकंद."

"उजेड?"

"ढगाळ. पण स्वच्छ."

"अडतीस वर्षांची फिल्म आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. असा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "म्हातारी झालीय. तिला पोटभर वेळ लागेल. नऊ मिनिटांच्या जागी चौदा. पाणी गार ठेवू. तू टॅक्सी कर. बसमध्ये उन्हाच्या बाजूला बसशील."

"तुम्ही धुवायला तयार आहात?"

"मी कुठला तयार," बाबा म्हणाले. "पण आता तुझा कोल्हा आत अडकलाय ना."

टॅक्सीत तिनं होल्डर काळ्या कापडात गुंडाळून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात वर ठेवले. रस्ता दुपारचा होता, दुकानांच्या काचा, सिग्नलवर खोळंबलेली माणसं, एका गच्चीवर वाळणाऱ्या चादरी, आणि सगळं तिला नको तितकं स्पष्ट दिसत होतं, नवा नंबर लागल्यावर गिऱ्हाइकांना दिसतं तसं. त्या नदीवरच्या दिवसाचं तिला फार थोडं आठवायचं. गोल दगड, पाण्याचा वास, बाबांचं कापड वाऱ्यानं फडफडतंय, आणि मग एकदम संध्याकाळ आणि घर. मधलं सगळं ती झोपली होती. हेच तिला आयुष्यभर लागलं होतं. आयुष्यात एकदा ते आलं आणि ती झोपलेली, आणि बाबांनी उठवलं नाही. मोठी झाल्यावर दादाच्या बरोबरीनं ती पाणमांजराला हसायची, त्यात हा राग होता हे तिला ठाऊक होतं. जे मला दाखवलं नाही ते आलंच नव्हतं. घरी पोचल्यावरचं मात्र तिला चांगलं आठवत होतं, कारण तेव्हा बोलणी बसली होती. आईनं तिचे मोजे काढले आणि एक मोजा ओला निघाला, बूटही आतून ओला. पाण्यात पाय घातलास ना, नाही म्हटलं होतं ना. तिनं पाण्यात पाय घातलाच नव्हता, पण झोपलेल्या माणसाला साक्ष कशी देता येणार. बाबा तिथंच उभे होते आणि एक शब्द बोलले नव्हते. तेही तिला लागलं होतं.

बाबा दारातच होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, अंगात जुनं डागाळलेलं जाकीट, जे गेली दहा वर्षं खुंटीवर होतं. बाबांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तिच्याकडे बघायचं तर ते तिच्या कानाकडे बघतात. दुकानात ती रोज माणसांचे डोळे तपासते आणि याला काच नसते हे तिला सगळ्यात आधी कळलं होतं. त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीला कापड लावून ठेवलं होतं, दाराच्या फटीला चादर, आणि फळीवर तीन थाळ्या ओळीनं मांडल्या होत्या. हातानं चाचपून. एकही थेंब सांडला नव्हता.

दिवा बंद झाल्यावर दोघांची नजर सारखी झाली. "खाच बघ," बाबा म्हणाले. तिनं होल्डरमधून फिल्म ओढून घेतली आणि कोपऱ्यावरची, सुलटी बाजू सांगणारी बारीक खाच बोटानं शोधली. "उजवीकडे वर." "मग बरोबर धरलीयस. सोड." फिल्म पहिल्या थाळीत बुडली. "हलव. माझ्या मोजण्याबरोबर." आणि बाबा मोजायला लागले. ती थाळीची कड उचलायची, सोडायची, पाणी डावीकडून उजवीकडे जायचं आणि परत यायचं, आणि अंधारात तिला बाबांचा श्वास ऐकू येत होता, मोजणीच्या मधूनमधून, तिच्याइतकाच जलद. चार मिनिटांनी ते मोजता मोजता थांबले. "चव्वेचाळीस," ती म्हणाली. "हां. पंचेचाळीस." पुढच्या मिनिटाला त्यांचा हात तिच्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला, थाळीबरोबर वरखाली होत. या पाण्यात आत्ता काहीतरी काळं होत होतं. काय होत होतं ते जगात कुणालाही ठाऊक नव्हतं आणि ती आनंदानं इतकी भरून गेली होती की ते कधीच ठाऊक झालं नसतं तरी चाललं असतं, असं तिला क्षणभर वाटलं. बाबांनी अडतीस वर्षं काय जपून ठेवलं होतं ते तिला तिथं, अंधारात, मनगटावर कळलं.

चौदा मिनिटं झाली. दुसरी थाळी, तिसरी थाळी. बाबा म्हणाले, "लाव आता." तिनं दिव्याऐवजी खिडकीवरचं कापडच ओढलं. दुपार आत आली. तिनं फिल्म कोपऱ्याला धरून वर उचलली, पाणी निथळू दिलं, आणि बघायच्या आधी बाबांनी हात पुढे केला. ती त्यांच्या हातात देणं भाग होतं. त्यांनी ती खिडकीसमोर धरली, मान तिरकी केली, आणि त्यांना जे दिसतं ते बघितलं, म्हणजे कड. आधी डावी, मग उजवी, मग खालची. ती त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होती.

"नळ्या आहेत," बाबा म्हणाले. "इकडे एक, इकडे दोन. गवत आहे." ते पुन्हा खालच्या कडेवर गेले, बराच वेळ तिथं राहिले. "पाणी नाही. दगड नाहीत."

तिनं खिडकीवरचं उरलेलं कापड बाजूला सारलं.

"म्हणजे मी पट्टी उपसलीच नव्हती," बाबा म्हणाले. त्यांनी ते असं म्हटलं, जसं एखाद्यानं दार उघडून खोलीत कुणी नाही हे बघावं. मग त्यांनी फिल्म तिच्याकडे केली. "मध्ये काय आहे? मधलं मला दिसत नाही."

तिनं बघितलं. फिल्म जुनाट, धुरकट झाली होती, पण धुरातून तो बघत होता. काळ्याच्या जागी पांढरा, पांढऱ्याच्या जागी काळा, पण अख्खा, मिशांसकट. "कोल्हा आहे, बाबा."

"कसा बसलाय?"

"बसला नाही. उभा आहे. पुढचे दोन्ही पाय विटेवर आहेत. एक कान हललाय, तेवढाच पुसट. बाकी सगळा स्पष्ट. आपल्याकडे बघतोय." तिचा आवाज चढत गेला, तिला आवरेना. "बाबा, तो आलाय. खरंच आलाय."

बाबा हसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि त्या पुसण्याकडे बघताना तिला समजलं की इतक्या वर्षांत त्या घरात दाखवा असं सगळे म्हणाले होते, आणि सकाळी तिनं स्वतः पाहिलं होतं की शेवटच्या क्षणी कॅमेरा आंधळाच असतो, आणि तरी एक साधा प्रश्न त्यांना कुणी कधीच विचारला नव्हता. तिनं फिल्म दोरीवर चिमट्यानं लावली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली.

"पाणमांजर कसं उभं होतं?"

बाबांनी चष्मा घातला नाही. "तुझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं," ते म्हणाले. "तू आडोशाला नव्हतीस. मी फार वेळ लावला नजर बसवायला, तू तिथंच झोपलीस, दगडावर. जनावराच्या जागी. उठवावं म्हणून कापडातून बाहेर आलो, तर ते पाण्यातून वर येत होतं. तुझ्यापासून हातभर. मी हललो नाही. ओरडलो नाही. काय करावं कळेना म्हणून होल्डर घातला. पट्टीचं कुणाला सुचतंय. ते आलं, तुला हुंगलं, आणि पुढचे पाय उचलून तुझ्या बुटावर ठेवले. असे." त्यांनी दोन्ही हातांची बोटं जोडून तिच्या गुडघ्यावर ठेवली. "तिथून माझ्याकडे बघितलं."

दोरीवरून थेंब पडत होते. तिला आईचा आवाज ऐकू आला, ओला मोजा पिळताना.

"डावा बूट," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या कानाकडे बघितलं. "तुला कसं ठाऊक?"